पिवळ्या फुलांच्या झुडपांना उसाची सवय लावू नका

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि फोटो मोठे करून बघितले. सांगलीत विश्रामबागच्या पलीकडं नवं घर, ६० फुटांचं कंपाउंड, कुलदैवत पालीचा खंडोबा म्हणून सासूबाईंना दारात सगळी पिवळीच फुलं पाहिजेत. दोन वर्षांपूर्वी १२ टेकोमा लावले ते हिरवेगार झालेत पण फूल म्हणून दिसत नाही, गेटजवळचा सोनचाफा पिवळा पडत चाललाय, शेजारच्या काकूंनी बिट्टीची दोन रोपं दिलीत ती लावू का असं विचारलंय, आणि घरात दोन वर्षांचं पोरगं आहे. मिरज भागात मी २४ वर्षं नर्सरी चालवतोय, त्याआधी वडिलांबरोबर द्राक्षबाग केली, त्यामुळं जे हातानं केलंय आणि डोळ्यानं बघितलंय तेवढंच सांगतो.

पहिलं बिट्टीचं, कारण ते फुलांपेक्षा महत्त्वाचं आहे. बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर, दिसायला सुंदर, पाणी नसलं तरी जगते, जनावर तोंड लावत नाही, म्हणून आपल्याकडं बांधावर, देवळाजवळ, शाळेच्या कुंपणाला सगळीकडं दिसते. आम्ही लहानपणी तिच्या बिट्ट्यांनी खेळलोय, तुम्हीही खेळला असाल. पण झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि बी सगळ्यात जास्त, तिच्यातलं द्रव्य थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं. १२-१३ वर्षांपूर्वी एका शाळेनं कंपाउंडला काहीतरी राकट लावून द्या म्हणून सांगितलं आणि मी ३० बिट्ट्या लावून दिल्या. दोन वर्षांनी दुसऱ्या कामाला तिथं गेलो तर पहिली-दुसरीची दोन पोरं हिरवं फळ दगडानं फोडत बसलेली, एकाच्या हाताला सगळा पांढरा चीक, आणि तोच हात तोंडाकडं चाललेला. धावत जाऊन नळाखाली हात धुतले त्याचे. काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या रविवारी माणसं घेऊन गेलो, सगळी ३० झाडं मुळासकट काढली आणि माझ्या पदरच्या खर्चानं शंकासुर लावून दिला. तेव्हापासून ज्या घरात लहान लेकरू आहे तिथं मी बिट्टी देत नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी.

त्यामुळं ती दोन रोपं काकूंना प्रेमानं परत द्या. आणि काकूंची झाडं तुमच्या भिंतीवरून आत झुकत असतील तर खाली पडलेली फळं रोज उचलायची, वाळलेली बीसुद्धा तेवढीच धोक्याची. कधी कुठल्या पोरानं बी चावली असा नुसता संशय जरी आला तरी मीठपाणी, तूप, ओकारी काढणं असलं काही करत बसू नका, उरलेलं फळ किंवा बी पिशवीत घ्या आणि सरळ दवाखाना गाठा, जिथं ईसीजी निघतो आणि रात्री डॉक्टर असतात असा. पोरगं बरं दिसत असलं तरी जायचं, कारण त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.

आता टेकोमा. तुमच्या फोटोत झाडं आहेत तशी मस्त आहेत, पानं काळीभोर हिरवी, वरून पाटी मारल्यासारखी सपाट. ती बघूनच कळलं काय झालंय ते, आणि खाली तुम्ही लिहिलेलं वाचून खात्रीच झाली. ड्रिप रोज एक तास, दर दीड महिन्याला शेतातल्या उसाला आणलेल्या पोत्यातलं दोन मुठी युरिया, आणि माळीमामा महिन्याला मोठ्या कात्रीनं वरून सारखं करून जातात. ताई, तुम्ही टेकोमाला ऊस समजून वाढवलंय. आपल्या भागाची ही सवयच आहे, कृष्णेचं पाणी आहे, पोतं घरात आहे, मग झाड कुठलंही असो त्याला भरपूर द्यायचं, दिलं की आपल्याला बरं वाटतं. उसाचं आपल्याला कांडं आणि पाला पाहिजे, म्हणून त्याला ते चालतं. युरियात ४६ टक्के नत्र असतं, आणि नत्रानं झाड पानावर जातं, फुलाची त्याला आठवणच राहत नाही.

टेकोमा मूळचा अमेरिकेतला, मेक्सिकोपासून खाली अर्जेंटिनापर्यंत, तिथं तो खडकाळ कोरड्या जागेत उगवतो, बहामा देशाचं तर ते राष्ट्रीय फूल आहे. म्हणजे बुडाला पाणी तुंबलेल्या काळ्या मातीत रोज ड्रिप घेणारं हे झाड नव्हेच. त्याला ऊन पाहिजे, निचरा पाहिजे, आणि थोडं उपाशी ठेवायला पाहिजे. द्राक्षवाल्याला विचारा, पाण्याचा ताण, म्हणजे मुद्दाम पाणी कमी करणं, काय असतं ते तो सांगेल.

आणि कात्रीचं. हे जरा नीट वाचा, कारण ६० फुटांच्या कंपाउंडची सगळी फुलं यावर आहेत. टेकोमाचा फुलांचा घोस नव्या फुटव्याच्या शेंड्याला येतो. फुटवा निघाला, हात-दीड हात लांब झाला, मग शेंड्यात बारीक हिरव्या कळ्यांचा झुबका दिसतो. तुमचे माळीमामा नेमके त्याच वेळी येतात आणि वरून सपाट कापून जातात, म्हणजे झाड दर महिन्याला कळी धरतंय आणि दर महिन्याला आपण ती तोडतोय. उद्या सकाळी झाडाजवळ जा, कापून खाली पडलेला पाला असला तर हातात घेऊन शेंडा उलगडून बघा, त्यात भाताएवढ्या कळ्या सापडतील. एका वकीलसाहेबांच्या घरी मी हे असंच दाखवलं होतं, त्यांच्या मंडळी म्हणाल्या अहो हे तर आम्ही चार वर्षं केरात टाकतोय.

द्राक्षात आपण एप्रिलला खरड छाटणी करतो आणि ऑक्टोबरला फळछाटणी, कारण वेलीची काडी कधी तयार होते आणि घड कुठल्या डोळ्यातून निघतो ते आपल्याला माहीत असतं. बंगल्यातल्या झुडपाचंही तेच बघायचं, फूल नव्या फुटीवर येतं का जुन्या काडीवर. नव्या फुटीवर येत असेल तर फुलं संपली की बिनधास्त कापा. जुन्या काडीवर येत असेल तर फुलं झाल्या झाल्या कापा आणि मग वर्षभर हात लावू नका. एवढं कळलं की निम्मी बागकामाची पुस्तकं वाचायची गरज नाही.

तुम्ही आता असं करा. युरिया आजपासून बंद. ड्रिप रोजची बंद करायची, पण एकदम नाही, आत्ता एप्रिलचं ऊन आहे आणि दोन वर्षं लाडात वाढलेल्या झाडाची मुळं सगळी वरवर असतात, त्यामुळं पहिले १५ दिवस एक दिवसाआड, मग तीन दिवसांनी, मेच्या शेवटाला चार-पाच दिवसांनी एकदा पण भरपूर, म्हणजे पाणी खोल जाईल आणि मुळं त्याच्या मागं खाली जातील. दुपारी पानं जराशी मलूल दिसली तर घाबरून नळ सोडू नका, संध्याकाळी परत टवटवीत झाली की पाणी पुरतंय असं समजा. सकाळीसुद्धा मलूल असली तर मात्र द्या. बुडाला उसाचं पाचट चार बोटं जाड अंथरा, ते आपल्याकडं फुकट मिळतं, लोक जाळतात त्याचा मला फार त्रास होतो, इतकं चांगलं आच्छादन दुसरं नाही. फक्त खोडाला चिकटवू नका, वीतभर जागा सोडा, नाहीतर खोड कुजतं आणि वाळवी लागते.

मग जूनमध्ये मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की सावलीतली शेवटची तीन सोडून, त्यांचं पुढं सांगतो, बाकीची नऊच्या नऊ झाडं कमरेएवढी ठेवून कापायची. होय, कमरेएवढी. वाळलेल्या, आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडातून काढायच्या. प्रत्येक झाडाला एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि एक ओंजळ निंबोळी पेंड, बस. त्यानंतर माळीमामांची मोठी कात्री आत ठेवून द्या, लागेल तेव्हा छोटी सिकेटर वापरायची. श्रावण-भाद्रपदात पहिला बहर यायला पाहिजे, गणपतीला घरची फुलं मिळतील असं मला वाटतं. बहर संपला की घोसाखाली वीतभर कापायचं, हिरव्या लांब शेंगा लटकायला लागतात त्या काढून टाकायच्या. शेंग ठेवली की झाड बी पोसण्यात जातं आणि पुढचा बहर लांबतो. वाळलेली शेंग तडकली की पंखासारख्या पातळ बिया वाऱ्यानं उडतात आणि गटारीच्या फटीतसुद्धा उगवतात. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया इकडं हे झाड असंच पसरून उपद्रवी ठरलंय. म्हणून साताऱ्याकडचं कुणी कास-बामणोलीच्या बाजूला फार्महाऊससाठी टेकोमा मागायला आलं तर मी नको म्हणतो. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिथं सप्टेंबर-ऑक्टोबरला सोनकीनं सगळं पिवळं होतं, त्या जागेला आपण बाहेरचं पिवळं नेऊन द्यायची काही गरज नाही. विश्रामबागला मात्र काही हरकत नाही, फक्त शेंगा काढत चला.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो म्हणजे नंतर औषध मारत बसणार नाही. फुलं यायला लागली की काही फुलांच्या देठाजवळ, बाहेरच्या बाजूनं बारीक चीर दिसेल, ब्लेडनं कापल्यासारखी. ती अळी नव्हे. मोठा काळा भुंगा किंवा शिंजीर पक्षी तोंडातून आत न जाता बाहेरूनच भोक पाडून मध पितात. सकाळी आठच्या सुमाराला दहा मिनिटं उभं राहून बघा, पोराला कडेवर घेऊन दाखवा, फार आवडेल त्याला.

आता सोनचाफा. तुमचा तिसरा फोटो या कामाचा आहे, नवीन पान पिवळं-पांढरं आणि त्यातल्या शिरा तेवढ्या हिरव्या, जाळीसारख्या. जुनी खालची पानं अजून हिरवी आहेत. हे पाणी कमी पडल्याचं नव्हे आणि खत कमी पडल्याचंही नव्हे, नत्र कमी असतं तेव्हा आधी खालची जुनी पानं पिवळी होतात. शेंड्याची नवी पानं अशी जाळीदार पिवळी झाली म्हणजे लोह मिळत नाही. आणि मजेची गोष्ट अशी की मातीत लोह असतंच, झाडाला उचलता येत नाही. सोनचाफ्याची कलमं बहुतेक कोकणातून येतात, तिथली तांबडी आंबट माती त्याला मानवते. आपल्याकडच्या काळ्या जमिनीचा सामू, म्हणजे पीएच, ८ च्या आसपास आणि वर चुनखडी. त्यात नव्या घराला अजून एक भानगड असते, गेटजवळच बांधकामाचा माल पडलेला असतो, सिमेंटचा राडा, प्लास्टरचे तुकडे, चुना, हे सगळं वरून माती टाकून झाकलेलं असतं आणि नेमकं तिथंच आपण हौसेनं चाफा लावतो.

बघायचं असेल तर चाफ्याच्या बुडापासून हातभर लांब, एक वीत खोल उकरा, तिथली मूठभर कोरडी माती वाटीत घ्या आणि तिच्यावर स्वयंपाकघरातलं व्हिनेगर ओता, ते नसलं तर लिंबू पिळा. कान जवळ नेला तर चर्र ऐकू येईल, बुडबुडे फुटताना दिसतील. जितकं जास्त फसफसेल तितका चुना जास्त. तुमच्याकडं चांगलंच फसफसणार असं मला वाटतं.

उपाय दोन आहेत, एक आत्ताचा आणि एक कायमचा. आत्ताचा म्हणजे फवारणी. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम, आणि सायट्रिक ॲसिड १ ग्रॅम, ते नसलं तर अर्ध्या लिंबाचा रस. आधी आंबट टाकायचं, मग हिराकस, पाणी फिक्कट हिरवं राहिलं पाहिजे, तांबूस झालं तर वाया गेलं समजा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर नव्या पानांना दोन्ही बाजूंनी, १०-१२ दिवसांनी एकदा असं तीन वेळा. तयार द्रावण लगेच वापरायचं, फरशीवर सांडलं तर तांबडे डाग पडतात ते निघत नाहीत. जमिनीतून द्यायचं असेल तर दुकानात चिलेटेड लोह मागताना नुसतं चिलेटेड म्हणू नका, ईडीडीएचए म्हणून मागा. ईडीटीएवालं स्वस्त असतं, फवारणीला चालतं, पण चुनखडीच्या जमिनीत ते टिकत नाही. द्राक्षवाल्यांच्या दुकानात हे सगळं मिळतं, त्यांना हा त्रास दरवर्षीचा.

कायमचा उपाय म्हणजे पावसाळ्यात चाफा उचलून मोठ्या कुंडीत न्यायचा. कलमी आहे आणि दोनच वर्षांचं आहे म्हणून हे शक्य आहे, मातीचा गोळा फुटू न देता. १८ ते २० इंची कुंडी किंवा अर्धं कापलेलं पिंप, बुडाला चार-पाच भोकं, तांबडी माती दोन भाग, कुजलेलं शेणखत एक भाग, आणि नारळाचं भुसकट किंवा भाताचं तूस एक भाग. बोअरचं पाणी जड असेल तर चाफ्याला ते देऊ नका, पावसाळ्यात गच्चीचं पाणी साठवता आलं तर त्याच्यासारखं दुसरं नाही. कलमाच्या सांध्याखालून फुटवा आला तर लगेच मोडायचा, तो खालच्या खुंटाचा असतो.

राहिला प्रश्न बाकीच्या जागेत काय लावायचं. साठ फुटांवर १२ टेकोमा म्हणजे पाच-पाच फुटांवर एक, ते बरोबर आहे, आणखी घुसवू नका. त्यांच्या पुढं अडीच फुटांवर गॅल्फिमिया लावा, माझं सगळ्यात आवडतं झुडूप. छातीएवढं वाढतं, बारीक पिवळी चांदण्यांसारखी फुलं, बाराही महिने थोडी ना थोडी असतात, पानं नीटस, काटा नाही. तीन वर्षं झाली की एकदा एक तृतीयांश उंची कमी करायची, बाकी काही मागत नाही. लोकांना नावच माहीत नसतं म्हणून मागत नाहीत, पण एकदा नेलं की दुसऱ्या खेपेला तेच न्यायला येतात.

अलामांडा तुम्ही विचारला होता. घ्या, पण झुडपाचा घ्या, वेलाचा नको, वेल भिंतीवरून शेजारी जाईल. मोठी पिवळी घंटेसारखी फुलं, पूर्ण ऊन पाहिजे, थंडीत गप्प बसतो तेव्हा मेला असं समजून खत घालू नका. फेब्रुवारीच्या शेवटाला निम्मा कापला की उन्हाळ्यात फुलांवर येतो. त्यालाही पांढरा चीक असतो, कापताना हातमोजे घाला, आणि पोटात गेला तर जुलाब होतात, म्हणून पोराच्या खेळायच्या बाजूला नको, गेटच्या बाहेरच्या अंगाला लावा.

शेवटचे तीन टेकोमा शेजारच्या अपार्टमेंटच्या सावलीत आहेत असं दिसतंय. त्यांना कितीही उपाशी ठेवलं तरी फूल येणार नाही, ऊनच नाही तर झाड काय करणार. तिथं ते काढून लॉलीपॉप लावा, पिवळी मेणबत्ती उभी केल्यासारखा तुरा येतो आणि त्यातून पांढरी फुलं बाहेर येतात. सकाळचं दोन-तीन तास ऊन मिळालं तरी खुश. त्याला मात्र ओल लागते, म्हणजे तुमची रोज पाणी घालायची हौस त्या तिघांवर भागवा.

शंकासुराचा पिवळा प्रकार चांगला, पण काटे असतात, पोरगं मोठं झाल्यावर बघा. कॅशियाची पिवळी झुडपं डिव्हायडरवर थंडीत फुललेली दिसतात तीही चांगली, पण त्यांना ऑगस्टनंतर कात्री लावायची नाही, नाहीतर ऐन हिवाळ्यात नुसती काड्या घेऊन उभी. पिवळी जास्वंद म्हणाल तर एखादीच, कुंडीत. तिला पिठ्या ढेकूण फार लागतो, पांढरा कापूस चिकटल्यासारखा. दिसला की आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवून काढा, मग एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, आठ दिवसांनी परत. मुंग्या वर चढत असतील तर त्यांचा रस्ता तोडा, त्याच त्याला फांदीफांदीवर पोचवतात. जहाल औषध मारायची घाई करू नका. २००८ च्या सुमाराला पपईवरचा पिठ्या ढेकूण देशात आला, पपई, जास्वंद काही सोडलं नाही त्यानं, आणि २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी बाहेरून त्याची परोपजीवी बारीक माशी आणून सोडली तेव्हा तो आटोक्यात आला. आपण जहाल मारलं की आधी असले मित्रकीटक मरतात.

वाई-पाचगणीच्या वरच्या अंगाला कुणी नातेवाईक असतील तर त्यांना पिवळी जुई सांगा, थंडी मानवते तिला. पण तिची फुलं आदल्या वर्षीच्या काडीवर येतात, म्हणजे टेकोमाच्या बरोबर उलट, बहर झाल्या झाल्या छाटायची आणि मग पावसाळ्यानंतर हातसुद्धा लावायचा नाही. आपल्या सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांतच किती फरक आहे बघा, महाबळेश्वरला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि जत-आटपाडी-माणला ५०० च्या आसपास, कधी त्याच्याही खाली. त्यामुळं नेटवर कुणीतरी सांगितलं म्हणून लावू नका, आपल्या घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत ते झाड कुठं बरं चाललंय का ते बघा आणि मग लावा.

जतकडचा विषय निघालाच तर तरवडाबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. माळावर, रस्त्याकडेला, जिथं कुणी पाणी घालत नाही तिथं पावसाळ्यात आणि नंतर जे झुडूप पिवळंधमक फुललेलं असतं ते तरवड. आपलं इथलं, पूर्वी त्याच्या सालीनं कातडं कमवायचे. नर्सरीत कुणी ठेवत नाही कारण त्याला विकत घेण्यासारखं झाड कुणी मानत नाही, मी गेली सहा-सात वर्षं ठेवतोय, पिशवीत कमी दिवस ठेवावं लागतं कारण सोटमूळ लगेच खाली जातं आणि मोठं झाल्यावर हलवलं तर मरतं. पिवळसर-पांढरी फुलपाखरं त्याच्या पानांवर अंडी घालतात, हिरव्या अळ्या थोडी पानं खातात, त्यांना खाऊ द्या, झाड महिन्याभरात परत भरतं. कंपाउंडच्या बाहेरच्या बाजूला, रस्त्याकडं, जिथं तुमचा पाइप पोचत नाही तिथं चार तरवड आणि मध्ये मध्ये पिवळी कोरांटी लावा. कोरांटीला काटे आहेत म्हणून बाहेरच, ती थंडीत फुलते, देवाला फुलं चालतात, पावसाळ्यात वीतभर काडी खोचली तरी लागते, आणि फुलं संपली की फेब्रुवारीत वीतभर ठेवून कापायची.

निचऱ्याचं एकदा बोलून घेतो, कारण तुमचा भाग सखल आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात माझ्या नर्सरीचा खालचा प्लॉट कितीतरी दिवस पाण्यात होता. चाफ्याची कलमं एकही वाचलं नाही, अलामांडा गेला, गॅल्फिमिया निम्मा गेला. टेकोमा काळा पडला होता, गाळ धुवून काढला, गुडघ्याएवढा कापून सोडून दिला आणि दसऱ्याच्या आधी बुडातून फुटला. एवढा पूर दरवर्षी येत नाही पण काळ्या मातीच्या खड्ड्यात जुलैमध्ये पाणी तुंबणं दरवर्षीचं आहे. म्हणून नवीन खड्डे आत्ता मे महिन्याच्या आत घ्या, दीड बाय दीड बाय दीड फूट, १५-२० दिवस उन्हानं तापू द्या, राडारोडा निघाला तर पूर्ण बाहेर काढा. बुडाला अर्धा फूट मुरूम, वर निघालेली चांगली माती, शेणखत आणि साखर कारखान्यावरची पूर्ण कुजलेली मळी मिळाली तर एक घमेलं, ओली गरम वास येणारी मळी मात्र नको, मुळं जळतात. आणि रोप लावताना वरंबा करून जमिनीपेक्षा चार बोटं उंच लावा, आळं खोल करू नका. आपल्याकडं खोल आळं केलं म्हणजे चांगलं लावलं असं मानतात, काळ्या मातीत ते झाडाचं डबकं होतं.

रोपं मृगाच्या पहिल्या पावसानंतर आणा, त्याआधी नको, पिशवीत उन्हानं करपतात. गॅल्फिमिया घेताना उंच बघून घेऊ नका, पिशवी उचलून खालून बघा, मुळं गोल गोल गुंडाळून बाहेर आली असतील तर ते जुनं रोप आहे, ठेवून द्या, बुटकं पण बुडातून तीन-चार फुटवे असलेलं घ्या. तरवडाचं बी मात्र तुम्ही स्वतःच लावू शकता, जानेवारी-फेब्रुवारीत वाळलेल्या चपट्या शेंगा रस्त्याकडेला मिळतात, यंदा माझ्याकडं साठवलेलं आहे त्यातलं नेलं तरी चालेल. कढत पाणी करून गॅस बंद करायचा, बी त्यात टाकून रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी जे फुगलेलं दिसेल तेवढंच लावायचं, जे फुगलं नाही त्याला परत एकदा तसंच करायचं, आणि थेट जागेवर बोटाच्या एका पेराएवढं खोल टोचायचं.